कॉम्प्युटर चालूच होत नाही? दुकानात नेण्याआधी घरी हे तपासा

२०२३ च्या जुलैचा शेवटचा आठवडा. एक रुपयात पीक विमा त्याच वर्षी सुरू झाला होता आणि शेवटची तारीख होती ३१ जुलै. सरकारी अर्ज ऑनलाइन भरून देणाऱ्या आमच्या केंद्राच्या ओट्यावर सकाळी सहापासून माणसं बसलेली. कोणाच्या पिशवीत सातबारा, कोणाकडे पेऱ्याचं घोषणापत्र, पासबुकाची झेरॉक्स भिजू नये म्हणून पन्नीत गुंडाळलेली. मी सीपीयूचं बटन दाबलं आणि काहीच झालं नाही. पंख्याचा आवाज नाही, दिवा नाही. पुन्हा दाबलं, तेच. ओट्यावरून एका आजीने विचारलं, "काहून गा, लाईन नाही का?" लाईन होती. डोक्यावर छताचा पंखा फिरत होता.

मी घाबरलो. सीपीयू पोत्यात घातला, वरून पन्नी बांधली आणि मोटारसायकलवर बावीस किलोमीटर तालुक्याला नेला. दुकानदाराने मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, गेल्याचं सांगितलं, चार दिवस ठेवून घेतला आणि साडेचार हजार रुपये घेतले. घरी आणून लावला तर पुन्हा तसाच बंद. शेवटी गावात वायरिंगची कामं करणाऱ्या एका मुलाने सीपीयूची केबल हातात घेतली. यूपीएसमध्ये (लाईन गेल्यावर बॅटरीवर कॉम्प्युटर चालवतो तो डबा) जाणाऱ्या टोकाची एक पिन काळी पडली होती, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालं होतं आणि नाकाजवळ नेलं की जळका वास येत होता. त्याने मॉनिटरची केबल काढून सीपीयूला लावली, बटन दाबलं आणि मशीन चालू झालं. खराब केबल चारही दिवस घरीच टेबलाखाली पडून होती. मी ती सोबत नेलीच नव्हती.

तारीख ३ ऑगस्टपर्यंत वाढली म्हणून काही अर्ज भरता आले. पण बरीच माणसं तोवर मजुरी बुडवून दुसऱ्या गावी रांगेत उभी राहिली होती. ते माझ्या मनाला अजून लागून आहे. म्हणून नव्याने केंद्र टाकणाऱ्यांसाठी, ग्रामपंचायतीत किंवा शाळेत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांसाठी आणि घरी मुलांच्या अभ्यासासाठी डेस्कटॉप घेतलेल्या पालकांसाठी सगळं क्रमाने लिहून ठेवतो. इलेक्ट्रिकचं शिक्षण मीही घेतलेलं नाही. इथलं बहुतेक काम कोणालाही जमण्यासारखं आहे.

आमच्या भागात "डेड झाला" म्हणून नेलेल्या मशीनमध्ये बरेचदा मशीन चांगलंच असतं. दोष असतो डीपीपासून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, बटनापर्यंतच्या वाटेत. म्हणून तपासायचं ते बाहेरून आत. आधी भिंत, मग यूपीएस, मग केबल आणि सगळ्यात शेवटी सीपीयूचा डबा उघडायचा. एका वेळी एकच गोष्ट बदला, बटन दाबून पाहा आणि काय झालं ते वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर नेमका दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

जवळ काय ठेवायचं

- फुलीचा स्क्रूड्रायव्हर, मध्यम आकाराचा
- साधा डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र. स्वस्तातला चालतो, पण घ्याच. लाईनमनशी बोलतानाही आकडा हाती असलेला बरा.
- सीपीयूची एक जादा पॉवर केबल
- सीआर २०३२ नंबरचा गोल सेल, एक जादा
- पांढरा खोडरबर आणि रंग द्यायचा कोरडा, मऊ ब्रश
- वीतभर जाड तांब्याची वायर, दोन्ही टोकं सोललेली
- वही आणि मोबाईल. काहीही काढण्याआधी फोटो काढायचा.

आधी जिवाची काळजी

सीपीयूचा डबा उघडण्याआधी पॉवर केबल भिंतीतून काढा. नुसतं बटन बंद करून भागत नाही. गावाकडच्या बोर्डांमध्ये कितीतरी ठिकाणी स्विच फेजवर (करंट आणणारी वायर) न बसवता न्यूट्रलवर (परतीची वायर) बसवलेला असतो, आणि मग बटन बंद असतानाही सॉकेटमध्ये करंट असतो.

सीपीयूच्या आत जो बंद पत्र्याचा चौकोनी डबा असतो, ज्यातून रंगीत वायरी निघतात आणि जो सगळ्या मशीनला वीज पुरवतो, तो एसएमपीएस. तो कधीही उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो आणि केबल काढल्यावरही तो काही वेळ राहतो. एसएमपीएस बिघडला तर अख्खा बदलायचा.

ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभं राहून काम करू नका. पावसाळ्यात पायात रबरी चप्पल आणि खाली कोरडी लाकडी फळी किंवा पोतं असू द्या.

मशीन वॉरंटीत असेल आणि पेटीवर सील असेल तर पाचव्या पायरीपर्यंतच जा. सील तुटलं की कंपनी हात वर करायला मोकळी होते.

१. नक्की काय होत नाही ते ओळखा

"चालू होत नाही" म्हणजे चार वेगवेगळ्या तक्रारी असू शकतात, आणि प्रत्येकीची वाट वेगळी आहे. बटन दाबल्यावर सीपीयूच्या मागे कान लावा, पंख्यापुढे हात धरा.

काहीच होत नसेल, म्हणजे दिवा नाही, पंखा नाही, तर दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करा. पंखा एकदा हलून थांबत असेल तर आत कुठेतरी शॉर्ट असतो किंवा एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. बाहेरच्या पायऱ्या भराभर करून आठव्या पायरीवर या. पंखा नीट फिरतो पण स्क्रीन काळी राहते, तेव्हा मशीन चालू झालेलंच असतं. आधी मॉनिटरचा दिवा आणि मागची केबल पाहा, मग सातव्या पायरीतला रॅमचा भाग वाचा. चौथी तऱ्हा आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात दिसते. मशीन चालू होतं आणि मिनिटाभरात बंद पडतं. टिनाच्या खोलीत, बाहेर ४५ अंश ऊन असताना धुळीने भरलेला प्रोसेसरचा पंखा उष्णता बाहेर टाकू शकत नाही. ते मशीन आधी साफ करा.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बटन दाबून पंखाच फिरत नसेल तर विंडोजचा त्याच्याशी काही संबंध नाही. अशा मशीनसाठी कोणी "विंडोज टाकावी लागेल, फॉरमॅट मारावं लागेल" म्हणालं, तर मशीन उचला आणि परत या.

२. भिंतीत लाईन किती आहे ते मोजा

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बहुतेक जण सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून पाहतात. मोबाईल चार्ज झाला म्हणजे लाईन ठीक, असं धरून चालतात. आता चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. म्हणजे दीडशे व्होल्टवरही तो बिनातक्रार चालतो. जुन्या, साध्या एसएमपीएसवरचं लेबल पाहिलं तर तिथे बहुधा २०० किंवा १८० पासून पुढचा आकडा सापडतो. त्याला दीडशे पुरत नाहीत.

टेस्टरचंही तसंच. टेस्टर पेटला म्हणजे फेज आली, एवढंच कळतं. न्यूट्रल तुटलेला असेल तरी टेस्टर पेटतो आणि मशीन मात्र चालत नाही.

म्हणून मल्टिमीटर. चक्री एसीच्या ७५० वर ठेवा, दोन्ही कांड्या सॉकेटच्या फेज आणि न्यूट्रलच्या भोकात (वरचं मोठं भोक अर्थिंगचं, खालची दोन ही) घाला, बोटं प्लास्टिकच्या मागेच ठेवा. आकडा २३० च्या आसपास हवा. साधारण २१६ ते २४४ मध्ये असेल तर लाईन चांगली.

आमच्या गावात डिसेंबर-जानेवारीत, हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देणं सुरू असतं तेव्हा, संध्याकाळी सातला मी १६८ मोजले आहेत. घर डीपीपासून जितकं लांब, तितकी लाईन आणखी पडते. अशा वेळी सकाळी चालणारा कॉम्प्युटर संध्याकाळी उठत नाही. दोष मशीनमध्ये नसतो. यावर उपाय स्टॅबिलायझर, किंवा कामाची वेळ बदलणं, आणि सोबत महावितरणच्या १९१२ नंबरवर तक्रार. तीन-चार दिवसांचे आकडे वेळेसह वहीत लिहून ठेवा. "लाईन डिम येते" असं सांगण्यापेक्षा "संध्याकाळी सातला १६८ व्होल्ट" सांगितलं की समोरचा माणूस लक्ष देऊन ऐकतो.

उलटा प्रकार जास्त धोक्याचा आहे. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल सैल झाला की काही घरांत लाईन एकदम वाढते, तीनशेच्याही वर जाते. बल्ब भगभगायला लागतात, पंखा जोरात सुटतो. तसं दिसलं की कारण शोधत बसू नका, मेन स्विच पाडा. आधी वीज बंद, मग लाईनमनला फोन. आमच्या आळीत एकदा एका रात्रीत दोन टीव्ही, एक फ्रिज आणि माझा यूपीएस गेला तो असाच.

३. यूपीएस बाजूला काढा

कॉम्प्युटर सरळ भिंतीच्या सॉकेटला लावून पाहा. चालू झाला तर दोष यूपीएसमध्ये आहे आणि तुमची बरीच धावपळ वाचली.

६०० व्हीए च्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ एएच ची एक बॅटरी असते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात आणि सतत जाणाऱ्या लाईनीत ती दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त साथ देत नाही. बॅटरी पार बसली की काही यूपीएस भिंतीत लाईन असूनही चालू होत नाहीत. यूपीएसच्या मागे एक छोटं काळं बटन किंवा काचेच्या फ्यूजची टोपी असते, तीही पाहा. बटन बाहेर आलेलं असेल तर आत दाबा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, त्याजागी तार बांधू नका.

यूपीएसवर प्रिंटर लावला आहे का? लेझर प्रिंटर तर अजिबात लावू नका. त्याचा आतला रोलर तापताना इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस तिथल्या तिथे बंद पडतो. नव्या केंद्रांमध्ये ही चूक फार दिसते.

४. केबल बदला

माझे चार दिवस आणि साडेचार हजार इथेच गेले. सीपीयूची आणि मॉनिटरची पॉवर केबल बहुतेक वेळा सारखीच असते. दोन्ही काढा, अदलाबदल करा. आता सीपीयू चालू झाला आणि मॉनिटर बंद पडला तर केबल खराब.

केबल हातात घेऊन पूर्ण लांबी बोटांनी चाचपा. उंदराने कुरतडलेली जागा बोटाला आधी लागते, डोळ्याला नंतर दिसते. पिना काळ्या किंवा हिरवट आहेत का, प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलंय का, पाहा. सॉकेट सैल असेल, प्लग हलवला की चुर्रर्र आवाज येत असेल, तर केबल बदलून काही दिवसांत नवीही जळेल. सॉकेटच बदलून घ्या.

एक्स्टेंशन बोर्डही याच वाटेत येतो. त्याला बगल देऊन पाहा. आमच्याकडे उन्हाळ्यात त्याच बोर्डावर कूलर लावायची सवय आहे. कूलरच्या मोटारीने बोर्डाच्या पट्ट्या तापून सैल होतात आणि त्याचा फटका कॉम्प्युटरला बसतो. कूलरला वेगळा पॉइंट द्या.

५. मागचं बटन आणि साठलेला करंट

सीपीयूच्या मागे, केबल लावतो तिथेच, एसएमपीएसचं छोटं बटन असतं. एका बाजूला उभी रेघ, एका बाजूला गोल. रेघ दाबलेली म्हणजे चालू. घरात साफसफाई झाली, मुलांनी हात लावला, की ते बंद होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

जुन्या एसएमपीएसवर आणखी एक लाल बटन असतं, त्यावर ११५ आणि २३० लिहिलेलं. ते कायम २३० वरच हवं. केबल लावलेली असताना ते ११५ वर गेलं तर मोठा आवाज होऊन एसएमपीएस फुटतो. त्यावर चिकटपट्टी लावून टाका.

आता केबल काढा, पुढचं पॉवर बटन तीस सेकंद दाबून धरा, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा लावून पाहा. लाईन झटके देत आली-गेली की एसएमपीएस संरक्षणासाठी अडून बसतो. आतला करंट पूर्ण उतरला की तो पुन्हा उठतो. या एवढ्याशा कृतीने मी गावातल्या शाळेचे दोन कॉम्प्युटर चालू केले आहेत.

सोबत सगळे यूएसबी काढून पाहा. अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, पेनड्राईव्ह, कीबोर्ड, माउस, सगळं. एखाद्या यूएसबीच्या वाकलेल्या पिनेने शॉर्ट होऊन पूर्ण मशीन अडलेलं मी पाहिलं आहे.

६. पुढचं बटन खरंच काम करतं का?

आता सीपीयूचा डबा उघडायचा. केबल काढा, मागचे दोन स्क्रू काढा, डावीकडचा पत्रा मागे ओढा. कशालाही हात लावण्याआधी आतला फोटो काढा आणि पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते.

पुढच्या बटनातून दोन बारीक वायरी निघून मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या पिनांच्या गुच्छाला जातात. तिथे बोर्डावर किंवा वायरीच्या टोपीवर पॉवर स्विच असं लिहिलेलं असतं. शेजारीच रिसेटच्या वायरींची टोपी असते. दोन्हीचा फोटो घ्या, पॉवरची टोपी काढा आणि त्या जागी रिसेटची लावा. केबल लावून आता रिसेटचं बटन दाबा. मशीन चालू झालं तर फक्त पुढचं बटन गेलेलं आहे. नवीन बटन मिळेपर्यंत रिसेटच्या बटनावर काम चालवता येतं. ओळखीच्या एका ग्रामपंचायतीत असं मशीन दोन वर्षांपासून चालू आहे.

रिसेटचं बटन नसेल तर पॉवरच्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवूनही चालू करता येतं. हात थरथरत असेल तर हा प्रकार टाळा. शेजारच्या पिनेला टोक लागायला नको.

७. धूळ, रुई आणि रॅम

दिवाळीनंतर कापूस घरात येतो. ज्या खोलीत कापसाचा ढीग, त्याच खोलीत कॉम्प्युटर, हे आमच्याकडे घरोघरी आहे. मी एकदा एका शेतकऱ्याच्या मुलाचा सीपीयू उघडला तर प्रोसेसरच्या पंख्याखाली रुईचा थर असा बसला होता की चिमटीने उचलल्यावर चादरीसारखा अख्खा निघाला. पंख्याच्या पात्यांचे ठसे त्यावर गोल उमटलेले.

ब्रशने हळूहळू झाडा. पंखा झाडताना एका बोटाने धरून ठेवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब जातात. ओलं फडकं लावू नका. पावसाळ्यात ओल आली असेल तर मशीन उन्हात टाकू नका, सावलीत छताच्या पंख्याखाली दिवसभर उघडं ठेवा.

मागच्या बाजूला रिकाम्या पट्टीची जागा उघडी असेल तर त्यातून पाल आत येते, मुंग्या येतात. मेलेली पाल सापडली तर केबल काढलेली आहे ना ते पुन्हा पाहा, कागदाने उचला, जागा कोरडी पुसा. भोक बारीक जाळीने बंद करा.

रॅम म्हणजे मदरबोर्डवर उभी खोचलेली मेमरीची लांबट पट्टी. ती काढण्यासाठी तिच्या टोकाचे खटके बाहेर दाबा. सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरने दोन्ही बाजूंनी हलकी घासा, भुसा झटका, खाच जुळवून "टक्" असा आवाज येईपर्यंत दाबून बसवा. कोणी सँडपेपर सांगितला तर ऐकू नका, सोनेरी मुलामा निघून जातो. रॅम दोन असतील तर एकेक लावून पाहा. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, किंवा आत "बीप बीप" वाजतं, या तक्रारीत रॅम साफ करून बरेचदा काम भागतं. पंखाच फिरत नसेल तर रॅमवर फार वेळ घालवू नका.

साफ करून झाल्यावर प्रोसेसरजवळची चार पिनांची, पिवळ्या-काळ्या वायरींची जोडणी परत लावलीय ना ते फोटोशी ताडून पाहा. ती राहिली की पंखे फिरतात आणि स्क्रीन येत नाही. मग साफसफाईनेच मशीन बिघडलं असं वाटतं.

८. एसएमपीएसची परीक्षा

केबल काढलेली. मदरबोर्डमध्ये रुतलेली चोवीस पिनांची मोठी जोडणी खटका दाबून काढा. तिच्यात हिरवी वायर एकच असते आणि काळ्या पुष्कळ. तांब्याच्या वायरीचं एक टोक हिरव्याच्या भोकात, दुसरं कोणत्याही काळ्याच्या भोकात घाला. ते कशाला टेकत नाही हे पाहून मगच केबल लावा आणि मागचं बटन चालू करा.

एसएमपीएसचा पंखा फिरला नाही तर एसएमपीएस गेला, असं बहुतांशी धरून चाला. काही हलके एसएमपीएस काही जोडल्याशिवाय उठत नाहीत, म्हणून जुना डीव्हीडी ड्राईव्ह असेल तर तो जोडून एकदा खात्री करा. हार्ड डिस्क या कामाला वापरू नका.

पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असंही नाही. इथे बरेच जण थांबतात आणि चुकतात. मल्टिमीटर डीसीच्या २० वर ठेवा, काळी कांडी काळ्या वायरीत, लाल कांडी एकेका रंगात:

- पिवळी: १२ व्होल्ट (११.४ ते १२.६ चालेल)
- लाल: ५ व्होल्ट (४.७५ ते ५.२५)
- नारिंगी: ३.३ व्होल्ट (३.१४ ते ३.४६)
- जांभळी: ५ व्होल्ट, आणि हा हिरवी-काळी न जोडताही, नुसती केबल लावल्यावर यायला हवा

जांभळीवर ५ व्होल्ट नसतील तर पुढचं बटन कितीही दाबलं तरी उपयोग नाही. बटनाचा इशारा ज्या विजेवर चालतो ती हीच.

काही ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये, विशेषतः ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड मशीनमध्ये, चोवीस पिनांऐवजी सहा किंवा आठ पिनांची जोडणी असते आणि रंगही वेगळे असतात. तिथे ही परीक्षा करू नका. काही नव्या एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, तिथेही नको.

एसएमपीएस ठीक निघाला तर तो मदरबोर्डला परत जोडा आणि हार्ड डिस्क, डीव्हीडी, ग्राफिक्स कार्ड असेल तर तेही, सगळं सोडवून बटन दाबा. चालू झालं तर एकेक वस्तू जोडत जा. जिच्यामुळे पुन्हा बंद पडेल ती दोषी. दर वेळी जोडण्याआधी भिंतीतून केबल काढायला विसरू नका.

तरीही काही नाही? मदरबोर्डवरचे छोटे नळकांडीसारखे कपॅसिटर पाहा. माथा सपाट हवा. फुगलेला किंवा तपकिरी रस आलेला दिसला तर बोर्ड दुरुस्तीला न्यावाच लागेल.

९. गोल सेल

मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल ३ व्होल्टचा. मोजून २.७ च्या खाली असेल तर बदला. केबल काढून, सेल पाच मिनिटं बाहेर ठेवून परत लावला की सेटिंग मूळपदावर येते, आणि कधीकधी अडलेलं मशीन त्याने उठतं. सेल संपला की तारीख मागे जाते आणि सरकारी पोर्टल उघडत नाही. लोक नेटला दोष देतात. आधी कोपऱ्यातली तारीख पाहा.

१०. दुकानात न्यायची वेळ आली तर

सोबत न्या: खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड, सिरियल नंबरचा फोटो, आतला फोटो, स्वतःची पॉवर केबल, आणि वहीतलं ते पान ज्यावर तुम्ही काय काय तपासलं ते लिहिलंय.

केंद्राचं मशीन असेल आणि पेटीवर वॉरंटीचं सील नसेल तर हार्ड डिस्क किंवा एसएसडी (सगळी माहिती साठते तो भाग) काढून घरी ठेवा. दोन केबल आणि चार स्क्रू, एवढंच काम आहे. तिच्यात गावातल्या माणसांचे आधार, पासबुकं, जातीचे दाखले आहेत. त्यांनी ते आपल्या भरवशावर दिलेत. मशीन चालू होतं की नाही हे पाहायला दुकानदाराला हार्ड डिस्कची गरज नसते.

दुकानात आधी आपल्या समोर आपल्या केबलवर आणि मग त्यांच्या केबलवर लावून पाहायला सांगा. "एसएमपीएस दुसरा लावून पाहा" असंही सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. रॅम किती जीबीची, कोणता प्रोसेसर, हे पावतीवर लिहून घ्या. पार्ट बदलला तर जुना पार्ट परत मागा. मी हे काहीच केलं नव्हतं.

११. पुन्हा होऊ नये म्हणून

पत्र्याच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? म्हणजे अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या रचनेतच थोडा करंट पेटीवर येतो आणि तो अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जायचा असतो. वायरमनकडून खड्डा करून, कोळसा-मीठ टाकून अर्थिंग करून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सुकते आणि अर्थिंग सुटतं. मार्चपासून त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका.

कूलरची ओली हवा सीपीयूच्या अंगावर येऊ देऊ नका. पिना गंजतात.

आभाळ गडगडलं की प्लग काढा. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीतही आणि मृगाच्या पावसातही. पॉवरचा प्लग काढला आणि इंटरनेटची तांब्याची लॅन केबल तशीच ठेवली तर वीज राउटरमधून मशीनमध्ये शिरते, म्हणून तीही काढा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं "दामिनी" नावाचं मोबाईल ॲप आपल्या आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. ते मोबाईलमध्ये घ्या.

आणि टेबलाच्या खणात एक जादा केबल ठेवा. तिच्या टोकाला कागदाची चिठ्ठी बांधून त्यावर लिहा, "चांगली आहे, तपासलेली", आणि खाली तारीख. माझ्या खणात ती ऑगस्ट २०२३ पासून आहे. दर सहा महिन्यांनी ती लावून मशीन चालू करून पाहतो आणि चिठ्ठीवर नवी तारीख टाकतो.